वितीनं घेतलेलं माप

— नको नको, ते स्टूल नका घेऊ मास्तर, त्याचा एक पाय आखूड आहे, माझ्यासारखंच तेही या घरात भिंतीला टेकून उभं असतं — ही खुर्ची घ्या. घ्या हो, चढा बिनधास्त, चपला काढायचीही गरज नाही. खुर्ची काही माझी नाही, मालकांची आहे. तसं इथलं सगळंच मालकांचं. मालक म्हणजे माझे सासरे. कारखान्यातली माणसं त्यांना मालक म्हणतात, घरातले नोकर मालक म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. लग्न झाल्यावर ‘बाबा’ म्हणून पाहिलं होतं, पण माझी जीभ वळेना, आणि त्यांनाही ते ऐकलं की कोणीतरी वर्गणी मागायला आल्यासारखं वाटायचं. तुम्ही चालू द्या तुमचं. तुम्ही शिंपी लोक टाचण्या तोंडात धरता होय? छान. आमच्या विद्यापीठात ही पद्धत असती तर कितीतरी बैठका वेळेवर संपल्या असत्या.

तुम्हाला कशाला बोलावलंय ते मला ठाऊक आहे बरं का. सांगितलं कोणीच नाही — या घरात मला कोणी काही सांगत नाही, मी अंदाज बांधतो, तोच माझा धंदा. मालकांना सिनेमाची खोली करायचीय. मागे एकदा जेवताना म्हणाले, ‘वरची खोली मस्त अंधारी होईल.’ वरची खोली म्हणजे ही. माझी, अभ्यासाची. आता हिच्या खिडकीला जाड काळं कापड लागणार, आतून अस्तर लागणार, भर दुपारी स्वतःचा हात दिसता कामा नये — आणि माझं टेबल जाणार खाली, जिन्यामागच्या खोलीत, जिथं कारखान्यातल्या बादल्यांचे नमुने ठेवलेत. बादल्या, हो. तुमच्याकडे असेल की एखादी निळी, जाड काठाची? आणि कडी अजून तुटली नसेल. तुटणारच नाही! आमचीच ती. आमची म्हणजे मालकांची. मी कुणाच्याही घरी पाहुणा गेलो आणि न्हाणीघरात हात धुवायला शिरलो की तिथं मला सासरे भेटतात.

आणि माणूस वाईट असता ना, तर बरं झालं असतं. खरंच सांगतो. इतक्या वर्षांत एक टोमणा नाही मारला त्यांनी. घरजावई हा शब्द माझ्यादेखत कधी उच्चारला नाही. मारला असता एखादा टोमणा तर ताडकन उठलो असतो, बायकोच्या हातात हात घालून बाहेर पडलो असतो, वेळ काय लागतो — पण नाही. मी सकाळी दोनदा खोकलो तर दुपारपर्यंत खोलीत नवा हीटर. गाडीचं दार उघडून ड्रायव्हर उभा. एकदा सहज म्हणालो, उशी जरा चपटी आहे — सहज हो, बोलायला काही नव्हतं म्हणून — तर दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या उशा बदलल्या. आता अशा माणसाशी भांडायचं कशावरून? उशी मऊ आहे म्हणून? लोक हसतील. म्हणून मी या मऊ उशीवर डोकं ठेवतो आणि छताकडे बघत पडतो, आणि मला वाटतं, गुदमरतोय. आपण इथं हळूहळू गुदमरतोय.

काय? नाही, तसं कामाला जातो की मी. विद्यापीठात शिकवतो, आणि ढग बघतो. पावसाचे नव्हेत! मालक पाहुण्यांना माझी ओळख करून देतात ना, ‘हे आमचे जावई, ढग मोजतात’, की पाहुणा हमखास विचारतो, ‘उद्या छत्री न्यावी का?’ आता मीसुद्धा ‘न्या’ म्हणतो. वाद नको. माझे ढग फार लांब. आपली आकाशगंगा आहे ना, तशा असंख्य आहेत, आणि प्रत्येकीच्या भोवती मोकळं काही नसतं — विरळ वायूचं मोठंच्या मोठं आवरण असतं. आकाशगंगा त्याच्यापुढे एवढीशी, दाराएवढ्या पडद्यावर तुमचं एक बटण. हे आवरण भयंकर गरम, दहा-वीस लाख अंश. आणि त्यात अधूनमधून तरंगतात थंड वायूचे ढग. ते माझे. थंड म्हणजे किती? दहा हजार अंश. — अहो हसू नका, टाचणी गिळाल! शेजारी लाखांत खेळत असला की दहा हजारवाला थंडच म्हणायचा. हे माझं वाक्य नाही, बायकोचं आहे. लग्नाआधी म्हणाली होती, ‘तुझं नि माझं शास्त्र एकच रे.’ मला तेव्हा वाटलं, प्रेमात बोलतेय.

आणि गंमत म्हणजे हे ढग दिसत नाहीत. म्हणजे ढग म्हणून दिसत नाहीत. त्यांच्या खूप मागे एखादा प्रचंड दिवा असावा लागतो — असतात तसे, विश्वाच्या पार पलीकडे पेटलेले — आणि त्याचा उजेड ढगातून आरपार येताना थोडासा खाल्ला जातो. आपण इकडे बसून तो उजेड रंगारंगांत पसरायचा आणि शोधायचं, कुठं काळी रेघ आहे का. रेघ म्हणजे ढग. बस्स. मागे दिवा नसेल तर ढग आहे हेही कळत नाही कोणाला. तसा मी. मागे मालक आहेत म्हणून पाहुण्यांना दिसतो — मधे एक काळी रेघ. हे मी एकदा बायकोला ऐकवलं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, ‘मग सरक ना दिव्यापुढून.’ अशी आहे ती. तिला सगळं सोपं वाटतं, कारण दिवा तिच्या बापाचा आहे.

तुम्ही भेटलाच असाल तिला. हो, त्याच मॅडम. अर्थशास्त्र शिकवते. विषय काय, तर मिळकतीतली दरी. कुठल्या व्यवस्थेत कोणाला किती मिळतं, आणि का. जिथं सगळं सरकारचं होतं अशा जागा, जिथं सगळं बाजारावर सोडलंय अशा जागा, आणि अधल्यामधल्या — सगळीकडची आकडेवारी तिच्या डोक्यात. म्हणते, वरचा मजला सगळीकडेच असतो. कुठं पैशानं वर जायचं, कुठं ओळखीनं, कुठं वाडवडलांच्या नावानं. पण म्हणून सगळं सारखंच म्हणणारे आळशी असतात, म्हणते. फरक असतो आणि मोठा असतो — काही ठिकाणी खालच्या मजल्यावरचं पोर वर येऊ शकतं, काही ठिकाणी जिनाच काढून घेतलेला असतो. माणसं टाळ्या वाजवतात, मास्तर. आणि मग ती गाडीत बसते, त्याच गाडीत, ड्रायव्हर दार उघडतो, आणि ती घरी येते या वरच्या मजल्यावर. मी एकदा चिडवलं तिला यावरून. चिडली नाही. उलट म्हणाली, ‘मला लाज वाटते इथं बसून लिहायची. तुला?’ मी म्हणालो, ‘मला तर केव्हाचं निघायचंय, तुझ्यासाठी थांबलोय.’

हं. खुर्ची हलली का? धरू का मी? धरतो.

नाही, निघायचंय म्हणजे काय — जागा आहे मला. म्हणून तर सांगतोय. माझा एक मित्र आहे, आम्ही एका खोलीत राहून शिकलो, दोघांत एक छत्री होती आणि तीही फाटकी. तो तिकडे लांब डोंगरावर नवी दुर्बीण उभारतोय. म्हणतोय, ढगांचं काम तू सांभाळ. तिथं लहान ढग दिसतील, मास्तर! आजवर कोणाला न दिसलेले. तुम्हाला काय त्याचं, पण माझा जन्मभराचा प्रश्न हाच आहे — गरम वायूच्या झोतात सापडलेला लहान ढग टिकतो की विरतो? कागदावर म्हणाल तर विरतो. कडा फाटत जातात, चिंध्या होतात, संपला. पण मला आपलं वाटत राहतं, काही चिवट निघत असतील. ते डोळ्यांनी बघायचंय. पन्नाशी उलटली, आता ही जागा गेली की पुन्हा कोण विचारतंय? आज संध्याकाळपर्यंत हो म्हणायचंय. नाहीतर दुसरा कोणी.

पण बायको तयार नाही ना. तिथं काय, डोंगरावर दोन खोल्यांचं घर, वारा, बाजार खालच्या गावात. दोन-तीन महिन्यांपूर्वी मित्रानं पहिल्यांदा हा विषय काढला तेव्हा आम्ही दोघं त्याच्या इथल्या घरी जेवायला गेलो होतो. परत येताना गाडीत मी म्हणालो, मी तर एका पायावर तयार आहे. ती काचेतून बाहेर बघत राहिली. ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही. आता या घरात ‘नाही’ असं कोणीच म्हणत नसतं, मास्तर. मालकांनाही एखादी गोष्ट नको असली की ते फक्त चमचा उचलतात आणि आमटी ढवळतात. आम्ही समजतो. मीही समजलो. एवढ्या मोठ्या घरात वाढलेली बाई, तिला कसं म्हणायचं, चल दोन खोल्यांत? मग आज सकाळी फोन केला मित्राला. म्हणालो, इच्छा खूप आहे रे, जीव तुटतोय, पण तुझी वहिनी घर सोडायला तयार नाही. तो पेटलाच — म्हणाला, ‘मी वहिनींशी बोलतो, मी समजावतो.’ मी म्हणालो, तिला नको रे त्रास देऊस, रडेल ती.

रडेल वगैरे जरा जास्तच झालं. पण बोलताना येतं तोंडात.

अहो मास्तर, एक विचारू? मघापासून बघतोय. तुम्ही खिडकी मोजतच नाही आहात. तुम्ही पडदा मोजताय. जुना पडदा. तो तर जाणार ना आता? त्याची शिवण कशाला उसवताय? काळं कापड लावायचं तर — काढा त्या टाचण्या, काढा, इकडे द्या माझ्या हातात. हं. बोला.

काळं कापड नाही? सिनेमाची खोली नाहीच? मग मालकांनी — मालकांनी बोलावलंच नाही तुम्हाला? मॅडमनी. बरं. आणि काय म्हणाल्या मॅडम? हेच पडदे उतरवायचे, आखूड करायचे, दुमड मोठी ठेवायची, कारण तिथं वारा फार — कुठं तिथं? — लहान घर आहे. दोन खिडक्या. डोंगरावर.

थांबा. मला जरा बसू द्या.

तिनं बघितलं ते घर? कधी? मागच्या महिन्यात ती गेली होती खरी त्या बाजूला, व्याख्यान होतं खालच्या गावात, एक दिवस जास्त राहिली आणि पाय दुखतात म्हणत आली. मी म्हणालो, गाडी नव्हती का? म्हणाली, तिथं वर गाडी जात नाही. मी पुढं विचारलं नाही. कुठं वर, तेसुद्धा विचारलं नाही मी. रखवालदारानं उघडून दाखवलं असेल. आणि माप? टेप कुठली असणार तिच्याकडे — काय म्हणालात? वितीनं? हाताच्या वितीनं मोजून आणलं तिनं? आणि तुमच्या दुकानात आली तेव्हा तुम्ही तिचा हात टेपवर ठेवायला लावलात, बोटं ताणून, म्हणजे वितीचे इंच करता येतील. अहो, ही बाई देशोदेशींची मिळकत मोजते. दशांशाच्या पुढची घरं सोडत नाही. आणि त्या थंडगार खोलीत खिडकीशी उभी राहून — लहान हात आहे हो तिचा — वीत, वीत, वीत —

आणि मला का नाही सांगितलं? तुम्हाला म्हणाली असेल काहीतरी. बोला ना. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ, मी कोणाला सांगणार नाही. ‘साहेब एकदा विचारू देत. येतेस का म्हणून एकदा विचारलं की मग सांगेन, तोवर तयारी तरी असू दे.’ असं म्हणाली. एकदा विचारू देत.

द्या तो पाण्याचा तांब्या.

नाही, आनंद झालाय मला. झाला पाहिजे ना? दार उघडं आहे. इतकी वर्षं मी ज्या दारावर डोकं आपटतोय ते दार उघडंच आहे, बायको पलीकडे उभी आहे, हातात पडदे घेऊन. म्हणजे आज संध्याकाळी मी हो म्हणायचं आणि जायचं. मग मी अजून इथंच का बसलोय, मास्तर? तिथं गरम पाण्याची सोय काय असेल? नाही, सहज विचारतोय. रात्री उठून दुर्बिणीपाशी जायचं म्हणजे चढ असणार. आणि तिथं मी कोण? इथं निदान मालकांचा जावई आहे. तिथं नुसता मी. मागे दिवाच नाही. समजा, लहान ढग दिसले आणि सगळेच विरणारे निघाले, तर? समजा, मला काही सापडलंच नाही — तर मग मी कोणामुळे अडकलो होतो म्हणून सांगू? मालकांमुळे? बायकोमुळे? उशीमुळे?

तुम्हाला एक गोष्ट मघाशी सांगितली नाही मी. लहान ढग विरतो हे खरं. पण ढग पुरेसा मोठा असला ना, की उलटं होतं. त्याच्या कडेला तो गरम वायू घासतो, मिसळतो, निवतो, आणि ढगालाच येऊन चिकटतो. ज्यानं फाडायचं तोच खायला घालतो. ढग जाडजूड होत जातो. वर्गात हे मी दरवर्षी शिकवतो, फळ्यावर चित्र काढून. आणि तरी स्वतःकडे बघताना मला कायम फाटलेल्या कडाच दिसल्या. बघा ना हे पोट. बघा माझ्याकडे, खुर्चीवरून सगळं दिसत असेल. कुठं विरलोय मी?

ती एकदा बोलली होती व्याख्यानात, मी पहिल्या रांगेत होतो. म्हणाली, वरच्या मजल्यावरच्या माणसाला आपला जिना नेहमी अरुंद वाटतो — उतरायचा. लोक हसले. मीही हसलो. सगळ्यात जोरात.

ऐका, मास्तर. तुम्ही असं करा. तिला सांगा, कापड पुरत नाही. नाहीतर सांगा जुनं झालंय, उन्हानं विरलंय, उसवलं की फाटेल. तुमचं म्हणणं ती ऐकेल, तुम्ही जाणकार. म्हणजे आठवडाभर तरी — अहो, कापड चांगलं आहे हे मलाही दिसतंय! मी खोटं बोला म्हणत नाही. मी फक्त म्हणतोय की — तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. बायकोनं एवढं केलं तर विचारा की तिला, असंच ना? विचारणार आहे. खाली जाऊन आत्ता विचारतो. येतेस का? दोन शब्द तर आहेत. आणि मित्राला फोन करून सांगतो की सकाळी जे म्हणालो ते — ते काय होतं म्हणून सांगू? गैरसमज? तिला न विचारता तिचा नकार मीच देऊन टाकला, याला गैरसमज म्हणतात का? तिला हे कळलं तर, मास्तर? नाही कळणार. कोण सांगणार आहे? तो मित्र काही तिला —

फोन वाजतोय. तिचा. खाली दिवाणखान्यात आहे ती, या घरात जिन्यातून सगळं ऐकू येतं.

उचलला. हसतेय. ‘भावोजी’ म्हणतेय — भावोजी ती एकालाच म्हणते. ऐका, किती खुशीत आहे. वाटत असेल तिला, शेवटी मी हो म्हणालो, म्हणून अभिनंदनाचा फोन आलाय. मास्तर, मी जाऊ का खाली? जाऊन फोन काढून घेऊ हातातून? आता जायला हवं. आत्ता, या क्षणी —

हसणं थांबलं.

काही बोलत नाहीये. तोच बोलत असणार. समजावत असणार तिला, घर सोडण्यात रडण्यासारखं काही नाही म्हणून.

ठेवला फोन.

तुम्ही निघा, मास्तर. झालं तुमचं काम, पडद्यांचं मग बघू, निघा. — नाही, नाही, थांबा! जिन्यात पावलं वाजतायत. तुम्ही इथं असेपर्यंत ती काही बोलणार नाही, परक्यासमोर घरचं बोलायची तिला सवय नाही. चढा खुर्चीवर. मी धरतो, घट्ट धरतो. पुन्हा मोजा. पहिल्यापासून मोजा, सावकाश. आणि या टाचण्या — या घ्या, परत तोंडात धरा.